उणे दोन ते बावीस

तळेगावच्या डाव्या नहरावर पाण्याची गेटं पंचवीस होती, आणि शेवटच्या गेटाचा नंबर होता बावीस. परक्या माणसाला हे सांगून पटत नसे. गावाला त्यात काही नवल वाटत नसे. नहर झाला तेव्हा गेटं बावीसच होती. पुढं तलावाच्या अंगानं, एक नंबरच्याही वर, तीन गेटं नवी काढावी लागली. सगळ्यांचे नंबर पुसून नव्यानं टाकू म्हटलं तर कास्तकार ऐकेनात. "माह्या बापापासून चार नंबर हाये, त्याचा सात कसा होईन?" अशी भांडणं लागली. तेव्हा शाखा अभियंता लक्ष्मणरावांनी तोड काढली. एकच्या वरचं गेट शून्य, त्याच्या वरचं उणे एक, आणि अगदी तलावाला लागून असलेलं उणे दोन. गाव महिनाभर हसलं. मग गेटांच्या दगडांवर तेच नंबर रंगले, आणि तलावाजवळच्या गेटावर रान असलेल्या तानबाला लोक भर बाजारात 'ओ उणे दोन' म्हणून हाक मारू लागले. तोही ओ देई.

निवृत्त झाल्यावर लक्ष्मणरावांनी घरी कॉम्प्युटर घेतला आणि पाणीपाळीचा प्रोग्रॅम लिहिला. पाणी खालून वर द्यायचं, हा नहराचा रिवाज. बावीसला आधी, उणे दोनला सगळ्यात शेवटी. कारण ज्याच्या बांधाशी तलाव त्यानं धीर धरायचा, नाहीतर टोकाच्या माणसाच्या वावरात थेंब पोचत नाही. कोणत्या गेटाला किती तास, हे रान किती आणि पीक कोणतं यावर ठरे. संत्र्याचा हिशेब वेगळा, गहू-हरभऱ्याचा वेगळा. प्रोग्रॅम ते तास काढून देई. लिहिला होता फोरट्रानमध्ये, नोकरीत असताना प्रशिक्षणात शिकलेल्या जुन्या भाषेत. त्या भाषेत एक सोय आहे. आकड्यांची रांग मांडली की तिच्यातल्या पहिल्या घराला कोणता नंबर द्यायचा, ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. लक्ष्मणरावांनी लिहिलं, उणे दोनपासून बावीसपर्यंत. सात-आठ वर्षं नहर त्या तासांवर चालला.

आता लक्ष्मणराव नव्हते. दिवाळी झाली आणि ते गेले. येत्या रविवारी पाणी वापर संस्थेच्या सभेत त्यांचा प्रोग्रॅम बंद करून पाण्याच्या पाळीसाठी चिठ्ठ्या टाकायचं ठरणार होतं. शेवटच्या वर्षात साहेबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे गावानं धरूनच टाकलं होतं.

रक्षाला हे तिच्या भावजयीनं, मोहिनीनं, फोनवर जाता जाता सांगितलं. रक्षा लक्ष्मणरावांची थोरली मुलगी. पुण्यात एकटी राहायची आणि एका कंपनीत कंपायलरवर काम करायची. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. तो उतरवताना सोबत आणखी एक टिपण तयार करतो: कोणतं नाव मेमरीत कुठं ठेवलं, कोणती रांग कुठून सुरू होते, कुठं संपते. प्रोग्रॅम चालायला या टिपणाचा काही उपयोग नसतो. पुढं कधी काही बिघडलं आणि कोणी डिबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून त्याचं पोट दाखवणारं साधन, लावून आत डोकावायला आलं, तर त्या माणसासाठी ते असतं. रक्षाचं सगळं काम त्या टिपणात होतं. न पाहिलेल्या माणसासाठी, त्याच्या अडचणीच्या दिवसाची तजवीज करून ठेवायची. आपण नेमकं काय करतो हे तिनं घरी एकदाच सांगितलं होतं. लक्ष्मणराव म्हणाले होते, "हे चांगलं काम आहे." दुसऱ्या कोणी काही विचारलं नव्हतं.

बाबांचं डोकं चालेना, शेवटी शेवटी त्यांना नहरावरही जाऊ देत नाहीत, एवढंच तिला वर्षभर फोनवर कळत होतं. ते प्रोग्रॅमवरून ठरवलं गेलं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं रजा टाकली आणि शनिवारी सकाळी तळेगावात उतरली. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. बाबा शेवटी शुद्धीवर होते की नव्हते?

संस्थेच्या खोलीत टॉवेल पांघरून ठेवलेला कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढं धीरज उभा होता. गावात कॉम्प्युटरचे क्लास चालवणारा, तिशीच्या आतला माणूस. तिला पाहून त्यानं आधीच हात वर केले.

"ताई, मी साहेबांची बदनामी नाई केली. मले जे दिसलं थे सांगितलं."

"मग मलाही तेच दाखव."

झालं होतं ते असं. मागच्या रब्बीत तलाव लवकर आटला आणि वरच्या तीन गेटांना शेवटचं पाणी मिळालंच नाही. तानबाचा हरभरा वाळला. कोणी म्हणालं, साहेबानं उण्याचे तासच धरले नाहीत. अध्यक्ष रूपरावांनी धीरजला प्रोग्रॅम तपासायला सांगितलं. जुनं मशीन बंद पडल्यावर धीरजनंच तो नव्या मशीनवर, फुकट मिळणाऱ्या एका नव्या कंपायलरमधून काढून बसवला होता. त्यानं डिबगर लावला, प्रोग्रॅम मध्येच थांबवला आणि तासांची रांग उघडली.

आताही त्यानं तसंच केलं. पडद्यावर आकडे आले, एकपासून पंचवीसपर्यंत.

"हे पाहा. एक नंबरच्या घरात तानबाच्या गेटाचे तास. दोन नंबरच्या घरात उणे एकचे. सारंच तीन घरं सरकलं. आन् आता उणे दोन विचारतो." त्यानं विचारलं. असं घर या रांगेत नाही, असं उत्तर आलं. "पाह्यलं? उण्याले जागाच ठेवली नाई साहेबांनी."

"छापून येतो त्या कागदावर तर उणे दोनचे तास असतात."

"थे रांगेच्या बाहेरचं काईतरी उचलून राह्यला, ताई. मेमरीत काईबाई पडलेलं असते. आकडा बरोबर निघते, नशीब."

"प्रत्येक पाळीला नशीब?"

धीरज हळूच म्हणाला, "साहेब याच खुर्चीत बसले होते. मी असंच दाखवलं. आंधी म्हणे, मी उणे दोनपासूनच लिहिलं आहे. मंग पाहत राह्यले. लय वेळ पाहत राह्यले. काई बोललेच नाई."

रक्षाच्या मनात काय आहे ते तिनं बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या कोणाचा प्रोग्रॅम असता तर तिनं लगेच सांगून टाकलं असतं. बापाच्या बाजूनं निघालेली शंका आधी नीट ताडून पाहावी, असं तिला वाटलं. तिनं खुर्ची ओढली आणि चार ओळींचा एक नवा प्रोग्रॅम लिहिला. पाच घरांची रांग, उणे दोनपासून दोनपर्यंत. प्रत्येक घरात त्याचाच नंबर ठेवला. उणे दोनच्या घरात उणे दोन, शून्याच्या घरात शून्य. मग प्रोग्रॅमलाच ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं बिनचूक वाचले. मग तिनं तीच रांग डिबगरला विचारली.

डिबगर म्हणाला, एक नंबरच्या घरात उणे दोन. आणि उणे दोन नावाचं घर या रांगेत नाही.

धीरज पुढं वाकला. "अरे बाप्पा. म्हणजे डिबगर खोटं बोलून राह्यला?"

"त्याला जेवढं सांगितलं तेवढं बोलतो तो." तिनं कंपायलरचं टिपण उलगडून त्याच्यासमोर धरलं. बाबांची रांग तिथं होती. नाव होतं, आत पूर्णांक आहेत हे होतं, घरं पंचवीस हे होतं. "एकूण किती घरं ते लिहिलं आहे. पहिलं घर कोणत्या नंबरचं, ती खालची हद्द लिहिलेलीच नाही. ती नसली तर काय समजायचं हे ठरलेलं असतं. सी भाषा असेल तर शून्य, फोरट्रान असेल तर एक. डिबगरनं एक धरला. प्रोग्रॅम मात्र या टिपणावर चालत नाही. त्याला उणे दोन पक्कं माहीत आहे."

"मंग तास बरोबर होते?"

"सगळे."

धीरजनं हनुवटी चोळली. "कंपायलर लिहिणाऱ्याले वाटलंच नसन, का कोणी उण्यापासून मोजते म्हून," तो म्हणाला. त्यात तथ्य होतं. जगात फार थोड्या लोकांनी फार थोड्या रांगा तशा मांडल्या असतील. रक्षाला आनंद व्हायला हवा होता. तिनं मशीन बंद केलं, टॉवेल पूर्वीसारखा पांघरला आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर थोडा वेळ बसली. ज्याला हे पहिल्यांदा सांगावं असा माणूस उरला नव्हता. रविवारी रविवारी बाबांचा फोन यायचा. पुण्यात थंडी पडली का, जेवण वेळेवर करतेस का. या भानगडीबद्दल अक्षर नाही. मुलगी नेमकं हेच काम करते हे ठाऊक असून त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दुपारी तिनं ते घरी सांगितलं. तिचा भाऊ स्वप्निल खता-बियाण्याचं दुकान बंद करून जेवायला आला होता. तो जेवता जेवता थांबला.

"म्हणजे बाबा बरोबर होते."

"हो. आणि तुम्ही त्यांना चार महिने नहरावर जाऊ दिलं नाही."

ती जेवढं बोलायचं ठरवून आली होती त्यापेक्षा हे जास्त झालं. स्वप्निल ताटाकडे पाहत राहिला. मोहिनीच मध्ये पडली.

"ताई, गॅस चालू ठेवून गेलते थे. दोन डाव. मी घरात होती म्हून वाचलो आपण. आर्वीले गेले तं परतीची बस इसरून गेले, यायले रात झाली. थे बी खरं ना?"

"ते खरं असेल. पण प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती."

"मंग सांगा उद्या सभेत. सांगाच. पण लोक काय म्हणतीन थे बी ध्यानात ठेवा. म्हणतीन, चांगल्या माणसाले पोरानं घरात कोंडलं. आपल्याले इथंच दुकान चालवायचं हाये, तुम्ही सोमवारी पुण्याले."

रक्षानं भावाकडे पाहिलं. तो लहान असताना मार खाऊन आला की असाच बसायचा, कोणी मारलं ते शेवटपर्यंत सांगायचा नाही.

"तू काय म्हणतोस?"

"सांग ना," स्वप्निल म्हणाला. "खरं हाये तं सांगाच लागन." आणि हात धुवायला उठला. पानातली भाकर तशीच होती.

रविवारच्या सभेला माणसं बरी आली. सोमवारपासून पहिली पाळी सुटायची होती. रूपराव मधोमध बसले होते, आणि त्यांनी सुरुवातच अशी केली की चिठ्ठ्या टाकायचं ठरल्यासारखंच आहे, पण साहेबांची पोरगी पुण्याहून आली आहे, दोन शब्द ऐकून घेऊ.

"दोनच शब्द, बाई. आमचं डोकं साहेबाएवढं नाई."

हशा झाला. रक्षा उभी राहिली. कंपायलर, डिबगर, टिपण, यातलं काही तिनं काढलं नाही. आदल्या संध्याकाळी ती एकटीच नहरावर फिरून आली होती, तिथंच तिला हे सुचलं होतं.

"समजा कोणी परका माणूस नहरावर आला," ती म्हणाली. "त्याच्याजवळच्या कागदावर एवढंच होतं, की गेटं पंचवीस. कुठून मोजायचं ते नव्हतं. त्यानं तलावापासून सुरुवात केली आणि दगडांवर एकपासून नंबर रंगवत गेला. तानबाकाकांच्या गेटावर एक. पुढं दोन, तीन. शेवटी पंचवीस. मग तुम्हाला सांगितलं, इथं उणे दोन नावाचं गेटच नाही. तर पाणी चुकलं का?"

"पाणी काऊन चुकन?" मागून कोणी म्हणालं. "रंगवणारा चुकला."

"तेच झालं. धीरजनं पाहिलं ते त्या परक्याचे नंबर होते. त्याचाही दोष नाही, त्याला तेच दाखवलं गेलं. बाबांचे तास सगळे बरोबर होते. कालही मी ते पुन्हा काढून पाहिले."

धीरजनं मान हलवली. "हाव. मी स्वतः पाह्यलं. साहेबांचं चुकलं नव्हतं. माह्यं चुकलं."

तानबा कोपऱ्यातून उठला. वयानं वाकलेला, पण आवाज खणखणीत. "मंग माहा हरभरा काऊन वायला?"

"तलाव आटला, काका. तुमचा नंबर शेवटी."

"शेवटी तं हायेच. थे मी मानतो." तो थोडा विचारात पडला. "म्हणजे साहेब बी बरोबर होते आन् मी बी खोटा नव्हतो."

"नव्हता."

"मंग बसतो," तानबा म्हणाला आणि बसला. पुन्हा हशा झाला, पण या वेळचा मोकळा होता. रूपरावांनी दोन्ही बाजूंना पाहून अंदाज घेतला आणि जाहीर केलं की प्रोग्रॅम आहे तसा चालेल, उद्या सकाळी बावीस नंबर उघडायचा.

माणसं उठू लागली तेव्हा चौदा नंबरच्या एका कास्तकारानं दाराशी उभ्या असलेल्या स्वप्निलच्या खांद्यावर हात ठेवला. "काय हो भाऊ? येवढा शहाणा माणूस, आन् तुम्ही त्याले घरात कुलूपबंद करून ठेवला?"

आजूबाजूचे थांबले. रक्षालाही ऐकू आलं. गॅसचं, आर्वीचं तिनं सांगायला तोंड उघडलं, पण ते सांगून बाबांचं नुकतंच परत आलेलं नाव पुन्हा मळलं असतं.

"हाव," स्वप्निल म्हणाला. "चुकलं माह्यं." आणि चपला घालून निघून गेला.

घरी तो जेवायला आला नाही. मोहिनीनं रक्षाला वाढलं, बरोबर डबा बांधून दिला, सगळं रीतसर केलं, आणि बोलली कामापुरतंच. बडनेऱ्याहून संध्याकाळची गाडी होती. दुपारी स्वप्निल आपणहून आला, तिची बॅग मोटारसायकलवर पुढं घेतली आणि तिला हायवेवरच्या स्टँडवर आणलं.

अमरावतीची बस अजून यायची होती. बॅग दोघांच्या मध्ये होती.

"एक सांगू?" स्वप्निल म्हणाला. "तू मोहिनीले सांगजो नोको. तिले बी माहीत नाई."

"सांग."

"मी त्याईले नहरावर जाऊ नका असं कधी म्हटलंच नाई. गॅस झाला तेव्हा बी नाई. धीरजनं थे दाखवलं ना, त्या दिवशी थे घरी आले, मोहिनी बाजारात होती. मले जवळ बसवलं. म्हणे, मी उणे दोनपासून लिहिलं हे मले पक्कं आठवते, आन् मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, का थे लिहिलंच नाई. आता मले जे आठवते त्याच्यावर भरोसा नाई. आजपासून तूच पाह्य, मले कुठं जाऊ देऊ नको. आन् रक्षाले काई सांगू नको, म्हणे. तिच्या कामातलं हाये. तिनं पाह्यलं तं माही चूक तिलेच शोधा लागन."

रक्षा रस्त्याकडे पाहत होती. एक ट्रक गेला, त्याच्यामागं दुसरा. त्यांनी विचारलं का नाही, याचं उत्तर तिला मिळालं होतं, आणि ते तिनं मनाशी धरलेल्या कुठल्याच उत्तरासारखं नव्हतं. बाबा शुद्धीवर होते. शुद्धीवर असतानाच त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला आणि स्वतःला बाद केलं. चार महिने ते त्या घरात, स्वतःच्या प्रत्येक आठवणीकडे संशयानं पाहत, बसून होते.

"सकाळी सभेत का नाही सांगितलंस हे?"

"काय सांगू? का आपलं डोकं चालत नाई हे बाबानं स्वतःच मानलं म्हून?" त्यानं मान हलवली. "त्याच्यापेक्षा पोरानं कोंडलं हे बरं. लोक चार दिवस बोलतीन, मंग बियाणं घ्यायले येतीनच."

"काल मी तुला बोलले..."

"जाऊ दे ना, ताई."

बस आली. कंडक्टरनं दार उघडून "अमरावती, अमरावती" केलं. स्वप्निलनं बॅग उचलली. रक्षानं ती त्याच्या हातातून घेतली आणि परत खाली ठेवली.

"पुढच्या बसनं जाते."

"गाडी चुकन तुही."

"नाही चुकत."

बस निघून गेली. स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर दोघं बसली. समोर संत्र्याचा ढीग मांडून बसलेल्या बाईनं त्यांना दोनदा भाव सांगितला, दुसऱ्यांदा कमी करून सांगितला. कोणी उत्तर देत नाही म्हटल्यावर तिनं तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या गाड्यांना हात करू लागली.